पाचवीचा पट

बाईंबद्दल वाईट बोलायची माझ्या जिभेला अजून सवय झालेली नाही. आठवी ते दहावी त्यांनी मला इतिहास शिकवला. मी इतिहासाची शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे, हे मी बीएडच्या मुलाखतीत सांगितलंय, मैत्रिणींना सांगितलंय, मला बघायला आलेल्या एका मुलालासुद्धा सांगितलंय, त्याने विचारलेलं नसताना. त्यामुळे आता हे लिहायला बसले की आधी लाज वाटते, आणि मग आपल्याला लाज का वाटावी म्हणून अजून राग येतो. राग आधीच काय कमी आहे.

त्यांचा फोन आला तेव्हा मी दादरला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांकडून सनावळ्या घोकून घेत होते. बीएड होऊन वर्ष उलटलं होतं आणि शाळेत नोकरी काही मिळत नव्हती. बाई म्हणाल्या, "आपल्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्राचे तास रिकामे होतायत. जूनपासून. तासिका तत्त्वावर आहे, आधीच सांगते. येतेस का?" तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, मे महिन्याचे नाहीत, आणि वर्ष संपलं की शाळेला तुमची ओळख राहीलच असं नाही. मला कशाचं काही वाटलं नाही. आपल्या शाळेत, आपल्या बाईंच्या हाताखाली, आपला विषय. मी क्लासच्या जिन्यात उभी राहून हो म्हटलं आणि घरी जाताना आईसाठी जिलबी घेतली.

मग त्या म्हणाल्या, "जूनपर्यंत थांबू नकोस पण. एप्रिलमध्येच ये. पटासाठी फिरायचंय."

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. शाळेच्या भाषेत पट म्हणजे दाखल असलेली मुलं. मुंबईतल्या मराठी शाळांचा जीव त्या पटात अडकलेला असतो. मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाचं पद जातं. म्हणून परीक्षा आटोपल्या की आमच्याकडचे शिक्षक उन्हातान्हात चाळी चढतात. दार वाजवायचं, पाणी प्यायचं, आणि आपलं मूल पाचवीला आमच्याकडे घाला म्हणून विनवायचं. मी शाळेत असताना हे नव्हतं. तेव्हा आई-बाबाच शाळेच्या दारात रांग लावायचे. आता आमच्या परळच्या शाळेत वरचा अख्खा मजला कुलुपात होता आणि खालच्या वर्गांतही मागचे बाक रिकामे होते.

बाई तेव्हा पर्यवेक्षिका होत्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालोखाल. मुख्याध्यापक सर डिसेंबरात निवृत्त होणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. त्याचा आणि पटाचा काही संबंध आहे हे मात्र मला माहीत नव्हतं.

आम्ही दोघींनी भोईवाड्यापासून सुरुवात केली. बाई कडक सुती साडीत, हातात छत्री, मी मागून पाण्याची बाटली घेऊन. खरं सांगते, मजा आली. बाई लोकांशी फार छान बोलत. कुणाच्या आजोबांचं गाव विचारायच्या, कुणाला 'तुझी आत्या माझ्या वर्गात होती' म्हणायच्या. पण तरी दारं अर्धीच उघडायची. आया म्हणायच्या, "विचार करून सांगतो हां, बाई." आणि हळूच कडी लावायच्या. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "उद्या तुमच्या डिलाईल रोडला जाऊया. तुला ओळखतात ना सगळे."

ओळखतात म्हणजे काय. आमच्या चाळीत मी जन्मले. माझे आजोबा, आमच्या मजल्यावरचे बाकीचे आजोबा, सगळे एकाच गिरणीत. आज त्यांची नातवंडं कुणी मॉलमध्ये, कुणी कुरिअरमध्ये, कुणी लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत हाउसकीपिंगला. चाळीतून मास्तरीण होणारी मी पहिलीच. बीएडचा निकाल लागला तेव्हा गणपतीत माझा सत्कार झाला होता, शाल आणि नारळ. तेव्हा मी लाजून मरायची बाकी होते, पण आत कुठेतरी छाती फुगलीच होती.

आमच्यापासून दोन खोल्या सोडून काकी राहते, बोलणं अजून गावचं मालवणी. नात्याने कोणी नाही. पण आई कामावर जायची तेव्हा माझं खाणंपिणं काकीकडेच होई. ती परळच्या एका दवाखान्यात आया आहे. मुलगी चौथी पास झाली होती, मुलगा अजून बालवाडीत. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं काकीच्या मनात पक्कं होतं, फीचीही जुळवाजुळव झाली होती. आम्ही गेलो तेव्हा तिने बाईंना खुर्ची दिली आणि मला म्हणाली, "तू बस गो खालीच. तुका काय खुर्ची व्हयी?" बाई हसल्या.

मी बोलत सुटले. आपल्या भाषेत शिकलेलं कसं डोक्यात बसतं, मी कशी शिकले, फी नाही, पुस्तकं फुकट, शाळा पायी जाण्याइतकी जवळ. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "शाळा धावीपर्यंत टिकतली मा? ह्या बंद पडतत त्या बंद पडतत, असा ऐकतंय मी. मधीच बंद पडली तर माझ्या चेडवान खंय जावचा?"

मी बाईंकडे बघितलं. प्रश्न त्यांनाच होता, त्यांनीच उत्तर द्यायला हवं होतं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "तूच सांग ना. तू तिथली विद्यार्थिनी, आता शिक्षिका. तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार होतं. मी म्हटलं, "काकी, मी आहे ना. दहावीपर्यंत मी शिकवीन तिला. शाळेला काही होत नाही."

काकीने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू आसस म्हणान घालतंय," ती म्हणाली. "नायतर माका काय त्या शाळेचा पडलेला नाय."

तिने घातलं म्हणून तिच्या शेजारणीने घातलं. वरच्या मजल्यावरच्या दोघींनी घातलं. समोरच्या चाळीत माझ्या आईची मैत्रीण, तिने नातवाला घातलं. प्रत्येक दारात तो प्रश्न यायचाच, शाळा टिकेल का, आणि प्रत्येक दारात बाई माझ्याकडे वळायच्या. मला वाटायचं मला पुढे करतायत, घडवतायत. मी हरभऱ्याच्या झाडावर अगदी शेंड्यापर्यंत चढून बसले होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिला आठवडा वाईट गेला. माझा आवाज बसला. सातवीतल्या टारगट पोरांनी मला दोन दिवसांत ओळखलं, मी फळ्याकडे वळले की मागून मांजराचे आवाज. नागरिकशास्त्राच्या तासाला एकाने विचारलं, "टीचर, नगरसेवक काय काम करतो?" मी पुस्तकातलं सांगितलं. तो म्हणाला, "पण तो तर बॅनर लावतो." वर्ग हसून लोळला आणि मी घाईने पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. दुपारी शिक्षक खोलीत डबा उघडला आणि तसाच बंद केला.

बाई दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर मला गॅलरीत नेलं. "तू फार सांगतेस," त्या म्हणाल्या. "सगळं तूच सांगितलंस तर त्यांनी काय करायचं? उत्तर आपण द्यायचं नसतं गं. त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं. स्वतःच्या तोंडाने बोललेलं माणूस विसरत नाही, आणि त्यातून मागेही फिरत नाही." मी ते मनापासून ऐकलं आणि तसंच करायला लागले. पुढच्या वेळी नगरसेवकाचा प्रश्न मी वर्गावरच सोडला, "बॅनर कशासाठी लावतो तो?" आणि पोरांनी मतदानापासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं स्वतःच बाहेर काढलं. त्या दिवशी मी जिने उड्या मारत उतरले. मला शिकवता येत होतं.

पाचवीवर माझा जीव होता. अर्धा वर्ग माझ्याच चाळींतला. शाळेत 'टीचर' म्हणायची आणि घरी गॅलरीत 'ताई', आणि त्यांचा घोटाळा झाला की आम्ही सगळेच हसायचो. मी त्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून परिसराची माहिती आणायला लावली. काकीची मुलगी गिरणीच्या भोंग्याबद्दल आजोबांकडून ऐकून आली आणि तो भोंगा तिने वर्गात असा काही वाजवून दाखवला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. काकी मला जिन्यात गाठून म्हणाली, "रात्री जेवताना तुझाच पुराण चलता." तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

सप्टेंबरअखेरीस पटाची मोजणी झाली. पट भरला. बाईंनी शिक्षक खोलीत सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पेढे वाटले. डिसेंबरात सर निवृत्त झाले आणि बाई मुख्याध्यापिका झाल्या. मी माझ्या हाताने त्यांच्यासाठी फळ्यावर रंगीत खडूंनी अभिनंदन लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून फोटोही काढला. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, काढून टाकायला गेले की हात थांबतो.

फेब्रुवारीत पालकसभा लागली. मला वाटलं नेहमीची, गुण आणि हजेरीची. हॉल भरलेला होता. आमच्या चाळीतल्या बायका पहिल्या दोन रांगांत, बहुतेकींनी कामावरून अर्धी सुट्टी घेतलेली. संस्थेचे एक पदाधिकारी उठले आणि त्यांनी गुळगुळीत मराठीत सांगितलं की जूनपासून या इमारतीत संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू होत आहे. मराठी माध्यमाचे वर्ग संस्थेच्या शीवच्या शाळेत सामावून घेतले जातील. कुणाचंही नुकसान होणार नाही. बसचा पास काढायला शाळा मदत करील.

मला ते ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. मग मी बाईंकडे बघितलं. त्या व्यासपीठावर बसल्या होत्या, हात मांडीवर, चेहरा शांत. त्यांना काही नवीन कळलेलं नव्हतं.

मागून आवाज चढले. काकी उठली. सभेत ती जपून, शाळेतल्यासारखं बोलायला गेली, "बाई, तुम्ही आमच्या घरी आला होतात. दहावीपर्यंत शाळा इथेच राहणार असं सांगितलेलं. दहा-अकरा वर्षांची पोर शीवला एकटी कशी जाणार? मी सकाळी सातला ड्युटीवर असते."

बाईंनी माइक घेतला. त्यांचा आवाज तोच, ज्या आवाजात त्यांनी मला शिकवलं. "मी तुमच्या घरी आले होते हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण शाळा इथेच राहील असा शब्द मी कुणालाही दिलेला नाही. आठवून बघा. उत्साहाच्या भरात कुणी काही बोललं असेल, नवीन शिक्षक असतात, त्यांना सगळी कल्पना नसते. त्याला शाळा काय करणार?"

कानांवर हात ठेवून मोकळ्या झाल्या. आणि यातलं सगळ्यात वाईट काय, तर त्या खोटं बोलत नव्हत्या. मी आठवून बघितलं. तिथे उभ्या उभ्या एकेक दार आठवलं. खरंच, एकाही घरात त्यांनी तोंडाने हो म्हटलेलं नव्हतं. दर वेळी माझ्याकडे वळल्या होत्या. उत्तर माझ्या तोंडून काढून घेतलं होतं, आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी प्रत्येक वेळी बरोबर तेच उत्तर दिलं होतं. पहिल्या दोन रांगांतल्या माना वळल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

सभा मोडल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापिकेची खुर्ची त्यांना शोभत होती, तेव्हाही मला तसं वाटलं, काय करू. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"संस्थेचं मागच्या वर्षीच ठरलं होतं," त्या म्हणाल्या. लपवलं नाही. "दार लावून घे."

मी दार लावलं नाही. मग त्या हळू आवाजात बोलल्या, आणि मला सगळं नीट समजावून सांगितलं, जसा धडा समजावतात तसं. मुख्याध्यापकाचं पद मंजूर राहायला ठरावीक पट लागतो. सर जाताना पट कमी असता तर ते पदच गेलं असतं आणि त्या पर्यवेक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या. येत्या मेअखेर त्या स्वतःच निवृत्त होणार होत्या, तोवर एक वर्ष पट टिकवायचा होता, फक्त एक वर्ष. त्यातून त्यांची खुर्ची आली, पुढचं निवृत्तिवेतन आलं, आणि निवृत्तीनंतर इंग्रजी शाळेवर देखरेखीचं काम संस्थेने कबूल केलं. "तीस-बत्तीस वर्षं घासले मी इथे," त्या म्हणाल्या. "शेवटी एकदा वर बसावं असं मला वाटलं तर काय चुकलं? शाळा तर तशीही जाणारच होती. मुलांना शीवला तरी मराठी शाळा आहे."

"मग मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. "मी बोलले नसते लोकांशी."

"म्हणूनच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी एकटी गेले असते तर दारं कुणी उघडली असती का? भोईवाड्यात बघितलंस ना तू."

डोक्यात तिडीक गेली. मला खूप बोलायचं होतं. तुम्ही मला शिकवलंत, मी तुमच्यासारखं अक्षर काढायला शिकले, तुमच्यासारखी साडी नेसते, असलं काहीतरी बोलले असते आणि रडले असते. त्याआधीच त्या म्हणाल्या, "इंग्रजी शाळेत तुझ्यासाठी शब्द टाकते. सोशल स्टडीजला माणूस लागेलच. मे महिन्यात प्रवेशासाठी फिरायचंय, तेव्हा ये." मी तिथून निघाले. गेटवर वॉचमनने काहीतरी विचारलं, ते मला ऐकूच आलं नाही.

एप्रिलमध्ये माझे तास संपले. कुणी काढलं नाही, नुसतं पुढचं कुणी काही बोललं नाही. हे अपेक्षितच होतं, त्याचं दुःख म्हणाल तर फार नव्हतं. मला काकीची फिकीर होती. मला चाळीतल्या माझ्या शब्दाची फिकीर होती, कारण त्याच्याशिवाय माझ्याकडे तिथे दुसरं काही नव्हतंच. मी मजल्यावरच्या प्रत्येकीकडे गेले आणि सांगितलं, मला माहीत नव्हतं. कुणी "बरं" म्हणालं, कुणी "जाऊ दे" म्हणालं. काकी भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "असां," एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना की तिचा विश्वास बसलाय की नाही.

मे महिन्यात एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि जिन्यातून छत्री पायरीवर टेकल्याचा आवाज आला. बाई होत्या. सोबत एक मुलगी, नवीकोरी, हातात रंगीत माहितीपत्रकं आणि पाण्याची बाटली. आमच्याच शाळेची, माझ्यानंतर तीन-चार वर्षांनी निघालेली, मी तिला चेहऱ्याने ओळखत होते. बाईंनी मला बघितलं, "कशी आहेस?" म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. ती मुलगी मला बघून हसली.

मला वाटलं, आता चाळ बोलेल. आता काकी दार तोंडावर आपटेल. मी चिमटे हातात धरून उभी राहिले, मला ते बघायचंच होतं.

काकीने दार उघडलं. खुर्ची दिली. चहा केला. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या तेव्हा बाईंच्या हातात काकीच्या मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स होती. मुलगा जूनपासून त्याच इमारतीत, इंग्रजी शाळेच्या छोट्या वर्गात. मुलगी शीवला जाणार होती, शेजारणीच्या पोरीसोबत, बस बदलून.

त्या खाली उतरल्यावर मी काकीकडे गेले. "काकी, त्या बाईंनी तुला फसवलं. तुझ्या पोरीला देशोधडीला लावलं. आणि तू त्यांना चहा पाजतेस? मला माहीत नव्हतं गं, मी तुला सांगितलं. आणि तू माझ्याशी धड बोलत नाहीस, आणि त्यांना खुर्ची देतेस?"

काकीने कपबशा गोळा केल्या. त्या मोरीत ठेवल्या, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिला राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाईंचा काय," ती म्हणाली. "ती शाळेची. ती येतली, बोलतली, जातली. तिच्यार भरवसो कोणी ठेवलेलो? तू आमची होतंस."